सल्ला हवा: जुन्या क्रिकेट जर्सींचे फोटो सोलापुरात कुठे काढावेत?

पार्कचौक:
मामांनी जमवलेले क्रिकेटचे कपडे आता माझ्याकडे आलेत. सुती पांढरे शर्ट, लोकरी केबल विणीचा स्वेटर आणि निळ्या जर्सी. काहींवर मार्करने केलेल्या सह्या आहेत. विम्यासाठी आणि संग्राहकांना दाखवण्यासाठी चांगले फोटो हवेत. मोबाईलवर निळा रंग जांभळट येतो, छापील अक्षरं चमकतात. पुण्याला पाठवायला जीव धजत नाही. इथे कोणाला विचारू?

उभाआडवा:
पुण्याला कशाला? आपल्याकडे गणवेशांचा एवढा मोठा धंदा आहे, त्यांचे कॅटलॉग कोणीतरी काढतंच की. एखाद्या कारखानदाराला फोटोग्राफरचं नाव विचारा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यापेक्षा त्याला कापड जास्त कळतं.

पण आधीच बजावून सांगा. त्याचा हात नव्या मालावर बसलेला असतो: कडक इस्त्री, मागून टाचण्या, नंतर संगणकावर डाग पुसणं. इथे यातलं काहीही नको. घासलेलं कोपर, मातीचा डाग, रफू हीच या कपड्यांची ओळख. सामन्यात वापरलेली जर्सी पारखणारे लोक जुन्या छायाचित्रांशी शिवण, डाग, अक्षरांची जागा ताडून बघतात. तेच पुसलं तर फोटो कशाला काढायचे?

छापील अक्षरांवर इस्त्री फिरली तर ती वितळतात. सुरकुती फारच असेल तर आतून, लांबून हलकी वाफ. सहीच्या जर्सीला तीही नको. स्वेटर हँगरला लावू नका, खांद्यात ओघळतो. टेबलावर पसरून वरून फोटो घ्या.

प्रकाशवेडा:
रंग बिघडतो तो मिसळलेल्या उजेडामुळे. खिडकी बंद, सगळे दिवे एकाच जातीचे, रंगछटा दिवसाच्या उजेडासारखी म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लावा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली) ठेवा.

चमकेसाठी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. तरी राहिली तर लेन्सवर पोलरायझर (चमक अडवणारा फिल्टर) आणि दिव्यांवरही पोलरायझिंग फिल्म; नुसता लेन्सवरचा पुरत नाही. स्वेटरची वीण दाखवायला मात्र एकच दिवा, बाजूने, कापडाच्या जवळजवळ पातळीत तिरपा. जाळीच्या कापडावर फोटोत नसलेल्या लहरी दिसल्या तर कॅमेरा थोडा मागेपुढे करा. पांढऱ्या शर्टामागे राखाडी पडदा, नाहीतर कडा हरवतात.

पार्कचौक:
फार मदत झाली, दोघांचेही आभार. एक गडद निळी जर्सी १९९२ च्या विश्वचषकाची आहे असं मामा सांगत. तिचं वेगळं काही?

उभाआडवा:
रंगीत कपडे आलेला तो पहिला विश्वचषक, त्यामुळे नंतर नकला पुष्कळ निघाल्या. खांद्यांवरचे रंगीत पट्टे, पाठीवरचं नाव, कॉलरचं लेबल, आतली शिवण, सगळ्यांचे जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. लेबल फाटकं असलं तरी कापू नका. सह्यांचे फोटो सगळ्यात शेवटी, दिवे कमीत कमी वेळ लावून; शाई उजेडाने उडते.

पार्कचौक:
गणवेशवाल्या शेजाऱ्यांकडून नंबर मिळाला. पोलरायझिंग फिल्म आहे का, हे त्यांना आधी विचारतो.