मदत हवी आहे: नावं सहा, मालक तीन, होमस्टे कुठे लावावं?

नमस्कार मंडळी,

मुळशीला माझ्या मामांचं छोटं होमस्टे आहे. बुकिंगचं काम मी कोथरूडहून बघते. मामा म्हणतात, एकाच कंपनीवर विसंबून राहायचं नाही, खोल्या बुकिंगच्या सगळ्या अ‍ॅप-साइटवर लावू. त्यांचं म्हणणं रास्त आहे, पण या अ‍ॅपची नावं सहा असली तरी ती खरंच वेगवेगळी आहेत का?

गोआयबिबो २०१७ पासून मेकमायट्रिपकडे आहे. बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा दोन्ही अमेरिकेच्या बुकिंग होल्डिंग्जचे. एक्सपीडिया आणि हॉटेल्स डॉट कॉमही एकाच घरातले. मग एका घराशी बिनसलं, तर त्याच्या दोन्ही दुकानांतून आपण एकदम बाहेर पडतो का? मला याचीच जास्त काळजी वाटते.

दुसरं म्हणजे दराचं. हिंजवडीचे पाहुणे अ‍ॅपवरचा दर समोर ठेवूनच मामांना फोन करतात, "थेट घेतलं तर किती कमी?" मामा वहीत नाव लिहून शंभर-दोनशे सोडतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड केला, त्यात हॉटेलांवर घातलेल्या दराच्या अटींचाही (दुसरीकडे यापेक्षा कमी दर द्यायचा नाही, अशा) मुद्दा होता. आता नव्या करारात फोनवरच्या दराबद्दल काय लिहिलेलं असतं?

मुळशी, लवासा, पानशेत भागात कुणी होमस्टे चालवत असेल तर कृपया सांगा. कराराचं नेमकं कलम दाखवलंत तर फार उपकार होतील. शनिवारी मामांसोबत सह्या करायला बसायचंय.