साइडकार (ब्रँडी, ऑरेंज लिकर आणि लिंबाच्या रसाचं कॉकटेल) आंबटढाण आणि पाणचट होतंय. प्रमाण चुकतंय की पद्धत?

केशरी_साल
६० मिली ब्रँडी, ३० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या वासाची गोड दारू, म्हणजे ऑरेंज लिकर; बाटलीवर अल्कोहोल २० टक्के लिहिलंय) आणि ३० मिली लिंबाचा रस. ग्लासातच बर्फाचा चुरा घालून चमच्याने ढवळलं. पहिला घोट आंबटढाण, पाच मिनिटांनी सगळं मिळमिळीत. ग्लासच्या काठाला लावलेली साखर ओघळून आत पडते, ते वेगळंच. ब्रँडी महागातली घ्यायला हवी का? की ट्रिपल सेक बदलू?

मोजूनमापून
ब्रँडीला हात लावू नका. आधी आकडे बघा.

लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल धरा. ३० मिलीत १.८ ग्रॅम झालं. ट्रिपल सेकमध्ये लिटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास साखर धरली, तर तुमच्या ३० मिलीत साडेसात ग्रॅम. आम्लाच्या जेमतेम चौपट. बर्फात हलवलेल्या आंबटगोड कॉकटेलला आम्लाच्या सात ते दहा पट साखर लागते, कारण गार पेयात गोडी दबते आणि आंबटपणा मात्र तसाच राहतो.

पाणचटपणाचं गणितही सोपं आहे. तुमच्या १२० मिली मिश्रणात शुद्ध अल्कोहोल ३० मिली, म्हणजे २५ टक्के. त्यात चुऱ्याचं ५० मिली पाणी मिसळलं की साडेसतरा टक्क्यांवर येतं. हे प्रमाण घ्या:

ब्रँडी ६०, ४० टक्क्यांचं ऑरेंज लिकर (क्वान्त्रो किंवा त्या ताकदीचं कोणतंही) २५, लिंबाचा रस २०, साखरेचा पाक ५ मिली.

पाक म्हणजे १०० ग्रॅम साखर १०० मिली कोमट पाण्यात विरघळवायची, उकळायची नाही. उकळलं की पाणी उडतं आणि पुढची सगळी मापं चुकतात. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. वरच्या प्रमाणात साखर सव्वानऊ ग्रॅम आणि आम्ल १.२ ग्रॅम येतं. आंबटपणा पुढे राहतो, पण दात आंबत नाहीत.

२० टक्क्यांचीच बाटली वापरायची असेल तर ती २० मिलीपर्यंत खाली आणा, रस २० आणि पाक ५ ठेवा. संत्र्याचा वास कमी पडेल, म्हणून बोटभर संत्र्याची साल शेकरमध्ये (कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) बर्फाबरोबरच टाका. सालीच्या आतला पांढरा भाग आधी काढायचा, तो कडू असतो.

मापं डोळ्यांनी घेऊ नका. २० मिलीच्या रसात ५ मिली इकडचे तिकडे झाले तर पाव हिस्सा चुकला.

गारठा
प्रमाणाशी सहमत, पण अर्धा दोष बर्फाचा आहे. चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त, त्यावर आधीच पाणी चिकटलेलं, त्यामुळे गार होण्याआधीच पेय पातळ होतं. फ्रीजरमधून थेट काढलेले, कोरडे, मोठे तुकडे घ्या. शेकर दोन तृतीयांश भरा. बर्फात कंजूषी केली तर उलट जास्त पाणी सुटतं, कारण थोडे तुकडे लवकर गरम होऊन वितळतात.

आधी रस आणि पाक, मग लिकर, शेवटी ब्रँडी. रस चुकून जास्त पडला तर महागडी ब्रँडी वाया जात नाही, हा त्या क्रमाचा फायदा. बर्फ सगळ्यात शेवटी, आणि तो पडला की थांबायचं नाही. खांद्याच्या उंचीवर १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. धातूच्या शेकरवर बाहेरून पांढुरकं दव धरलं की झालं. एवढ्यात साधारण ३० मिली पाणी मिसळतं आणि ते हवंच. त्याशिवाय ब्रँडी घशाला लागते.

ढवळून हे होत नाही. रस असलेल्या कॉकटेलमध्ये हवा कोंडावी लागते, म्हणून ते हलवायचंच. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली चालते. ओतताना शेकरच्या जाळीखाली चहाची बारीक गाळणी धरा, म्हणजे बर्फाची कचकच आणि लिंबाचा चोथा आत येत नाही. ग्लासात बर्फ ठेवायचा नाही, ग्लासच गार हवा.

जुनं_पिंप
पाकाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लिकर खरंच ४० टक्क्यांचं आणि चांगलं असेल तर आधी पाकाशिवाय करून चाखा. साखरेचा काठ असेल तर बहुतेक वेळा पाक लागत नाही. १९२२ सालच्या छापील कृतींमध्ये तर तिन्ही घटक समसमान होते. आजच्या जिभेला ते फारच आंबट वाटतं. पुढे ब्रँडी दुप्पट आणि बाकी दोन एकेक भाग, हे रूढ झालं.

ब्रँडी मात्र द्राक्षाचीच हवी. कोन्याक (फ्रान्समधल्या कोन्याक भागातली द्राक्षाची ब्रँडी) घेणार असाल तर व्हीएस (किमान २ वर्षं पिंपात) किंवा व्हीएसओपी (किमान ४ वर्षं) पुरे. एक्सओ (त्याहून जास्त मुरलेली) यात घालू नका. जास्त वर्षं ओकच्या पिंपात राहिल्याने आलेला तुरटपणा लिंबाच्या आम्लाने टोचायला लागतो आणि ज्या नाजूक वासासाठी पैसे मोजले तो दबून जातो.

साखरेचा काठ साइडकारच्या पूर्वजाकडून, न्यू ऑर्लिन्सच्या ब्रँडी क्रस्टा या जुन्या कॉकटेलकडून आलेला मानतात. क्रस्टाची कृती १८६२ च्या छापील पुस्तकात मिळते.

केशरी_साल
आभार! पाकासह आणि पाकाशिवाय, दोन्ही करून बघतो. साखर ओघळते त्याचं काय? आणि सहा जणांसाठी एकदम करायचं असेल तर?

मोजूनमापून
ओल्या, दव धरलेल्या ग्लासला साखर लावली की ती विरघळणारच. क्रम उलटा करा. कोरड्या ग्लासच्या फक्त बाहेरच्या कडेवरून लिंबाची फोड फिरवा, अर्धाच काठ, आणि तो ताटलीतल्या बारीक दाणेदार साखरेवर आडवा फिरवा. ग्लास उलटा करून साखरेत बुडवला की दाणे आतल्या बाजूलाही चिकटतात, तेच मग पेयात पडतात. आयसिंग शुगर नको, तिच्यात बहुधा कॉर्नस्टार्च असतो, चिकट लगदा होतो. अर्धा तास सुकू द्या, मग ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा. अर्धा काठ मोकळा असला की ज्याला गोड नको तो तिकडून पितो.

सहा जणांसाठी ब्रँडी ३६०, लिकर १५०, पाक ३० मिली आदल्या दिवशी मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. रस त्यात घालू नका. तो त्याच दिवशी काढून गाळून वेगळा ठेवायचा, रात्रभरात त्याचा ताजेपणा जातो. एका वेळी दोनच ग्लास करा: १८० मिली मिश्रण, ४० मिली रस, दरवेळी नवा बर्फ. त्याहून जास्त भरलं तर शेकरमध्ये हलायला जागाच उरत नाही.

पाहुण्यांना एक सांगून ठेवा: एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल ३४ मिली, म्हणजे ३० मिलीच्या जवळपास तीन पेगांइतकं. आंबटगोड चवीत ते कळत नाही.

गारठा
शेवटी संत्र्याची साल ग्लासवर धरून, रंगाची बाजू खाली करून पिळा. तेलाचा फवारा वर तरंगतो आणि पहिल्या घोटाआधी नाकाला तोच वास येतो. नंतर ती साल आत टाकू नका, पाकाशिवाय केलेल्यात तर नाहीच. बुडून राहिली की कडवटपणा उतरतो.