१.६ मिमी तारेच्या कॉम्प्रेशन स्प्रिंगची फ्री लेंग्थ ±०.५ मध्ये बसत नाही

वेटोळे

नमस्कार मंडळी. एका स्प्रिंगची लांबी काही केल्या स्थिर होत नाहीये. तपशील देतो.

तार १.६ मिमी, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टील, ईएन १०२७०-१ मधला एसएच ग्रेड. बाहेरचा व्यास १४.० ± ०.२. एकूण वेढे साडेआठ, दोन्ही टोकं बंद करून ग्राइंड केलेली, म्हणजे कामाचे वेढे साडेसहा. फ्री लेंग्थ (दाब नसतानाची लांबी) ४२ ± ०.५. शिवाय २४ मिमी उंचीवर ९७ न्यूटन लोड, ± १०%.

कॉइलर (तार वळवून स्प्रिंग करणारं मशीन) सीएनसी, चार अक्षांचा: फीड (तार पुढे ढकलणं), व्यास, पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) आणि कटर. वेग मिनिटाला ९० नग. लांबी मोजणारा प्रोब आहे, ऑटो करेक्शन चालू आहे. मशीनवरून उतरतानाच लांबीत ± ०.८ चा फरक दिसतो. ओव्हन आणि ग्राइंडिंगनंतर तो ± १.२ होतो. पिच टूल नवीन कार्बाइडचं बसवलं, फरक शून्य. सुरुवात कुठून करावी?

सरळ_तार

आधी ऑटो करेक्शन बंद करा. ते चालू असताना मूळ दोष दिसतच नाही.

कारण असं: नगागणिक येणारा फरक जर निव्वळ इकडेतिकडे असेल आणि प्रोब प्रत्येक नगाची पूर्ण चूक पुढच्या नगावर भरून काढत असेल, तर फरक कमी होण्याऐवजी सुमारे १.४ पट वाढतो. लांब नग आला की पिच कमी होतो, पुढचा नग मुळात आखूडच येणार होता, तो आणखी आखूड होतो.

बंद करून सलग ३० नग काढा. ट्रेमध्ये टाकू नका, क्रमाने टेबलावर मांडा आणि प्रत्येकावर नंबर घाला. लांबी मोजून त्याच क्रमाने आलेख काढा. सरासरी आणि कमाल-किमान एवढ्यावर थांबलात तर महत्त्वाची गोष्ट हातातून जाते, ती म्हणजे क्रम. लांबी एका दिशेने हळूहळू सरकत असेल तर मशीन तापतंय किंवा टूल झिजतंय. ठरावीक नगांनी तोच आकडा परत येत असेल तर कुठलं तरी फिरणारं अंग कारणीभूत आहे. काहीच नमुना नसेल तर तारेकडे वळा.

लांबीसोबत दुसरी गोष्टही टिपा: तारेचं कापलेलं टोक घड्याळात कितीवर येतं. स्प्रिंग उभी धरा, सुरुवातीचं टोक बारावर ठेवा आणि शेवटचं टोक कुठे येतं ते पाहा. साडेआठ वेढे असतील तर ते सहावर हवं. आखूड नगात टोकही मागे राहिलं असेल तर तार कमी आली आहे, म्हणजे फीड घसरतोय. टोक जागच्या जागी आणि फक्त लांबी बदलली असेल तर दोष पिचचा.

वेटोळे

आभार. ऑटो करेक्शन बंद केल्यावर फरक ± ०.५५ वर आला. आलेखात दर पाचवा किंवा सहावा नग इतरांपेक्षा साधारण ०.४ ने आखूड आहे आणि त्याचं टोक २५ अंश मागे राहतं. बाकीचे नग एकमेकांच्या बरेच जवळ आहेत.

फीड_रोलर

मग हिशोबच करून टाकू.

सरासरी व्यास १२.४, म्हणजे बंद वेढ्याला ३९ मिमी तार. पिच (४२ − ३.२) ÷ ६.५ = ५.९७, म्हणून उघड्या वेढ्याला ३९.४. सगळे वेढे धरून एका नगाला ३३४ मिमी तार लागते. टोक २५ अंश मागे म्हणजे २.७ मिमी तार कमी आली. ती उघड्या वेढ्यांत कमी आली तर लांबी २५ ÷ ३६० × ५.९७ = ०.४१ ने घटते. तुमच्या आकड्याशी तंतोतंत जुळतं. म्हणजे पिच टूल निर्दोष आहे. तार फीड रोलरमध्ये घसरतेय.

आता दर पाच-सहा नगांनीच का? डिकॉइलरवरच्या (तार सोडणाऱ्या फिरत्या स्टँडवरच्या) बंडलचा व्यास मोजा. तो ६०० मिमीच्या आसपास असेल तर एका फेऱ्यात १८८५ मिमी तार सुटते, म्हणजे ५.६ नग. फेऱ्यातून एकदा एक वेटोळं दुसऱ्याखाली अडकतं, तारेला झटका बसतो आणि त्या क्षणी रोलर फिरतो पण तार थांबते. (८० मिमीच्या फीड रोलरची खाच एका जागी तारेवरच्या साबणाने भरली असती तर नमुना दर तिसऱ्या नगाला दिसला असता. रोलरचा घेर २५१, तीन नगांची तार १००२, रोलरचे चार फेरे १००५.)

डिकॉइलर मोटरचा असेल तर डान्सर आर्म (तारेची ओढ सांभाळणारा हलता दांडा) तपासा. चालताना त्याने मध्यावर हळूहळू डुलायला हवं, वरच्या टोकाला जाऊन आपटायला नको. आपटत असेल तर डिकॉइलरचा वेग वाढवा आणि ब्रेक सैल करा. बंडल बसवताना बांधलेल्या पट्ट्या कापण्याआधी तारेचं सुटणारं टोक वरच्या बाजूला आहे ना, हे पाहणं फार महत्त्वाचं आहे. उलट्या बसवलेल्या बंडलला कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही.

त्यानंतर स्ट्रेटनर (तार सरळ करणारे रोलर). फीड रोलर उघडून तार हाताने स्ट्रेटनरमधून ओढा. ती एकसारखी, नेटाने पण अडखळल्याशिवाय यायला हवी. पहिल्या रोलरचा दाब सर्वांत जास्त, शेवटच्याचा नावापुरता. सगळेच सारखे घट्ट केले की तार सरळ तर होत नाहीच, उलट ओढ वाढते.

फीड रोलरचा दाब मात्र सगळ्यात शेवटी वाढवा, तोही थोडा. खाच १.६ चीच हवी. ब्रशने साबण साफ करा. दाब वाढवून घसरणं दडपता येतं, पण तारेवर दोन्ही बाजूंनी चपट्या रेघा उमटतात. आतल्या बाजूला आलेली अशी रेघ पुढे फटीग क्रॅकची (वारंवार दाबल्याने जाणाऱ्या तड्याची) जागा ठरते. नखाला रेघ जाणवली की दाब जास्त झाला, असं समजा.

सरळ_तार

याला जोडून. घसरणं थांबल्यावर ऑटो करेक्शन परत चालू करा, पण दर नगाला नाही. आठ-दहा नगांची सरासरी घेऊन चुकीच्या २० ते ३० टक्केच दुरुस्ती करू द्या. त्याचं काम हळू सरकणारी लांबी सांभाळणं आहे. प्रोबच्या तोंडावर तेलाचा थेंब लटकलेला नाही ना, तेही बघत चला. कपॅसिटिव्ह प्रोब त्यालाही स्प्रिंगच समजतो.

नवीन बंडल लावलं की तारेचा एक वेढा कापून जमिनीवर मोकळा ठेवा. तो सपाट पडायला हवा. एक टोक वर उचललं गेलं तर तारेत पीळ आहे, आणि तो पीळ थेट पिचमध्ये उतरतो.

भट्टीवाला

कॉइलर सुधारला तरी ± ०.५५ चं पुढे वाढणार नाही, याची खात्री करायला ओव्हन पाहू. कार्बन स्टीलच्या तारेला २३० ते २५० °से पुरे, नग पूर्ण तापल्यावर अर्धा तास. अडचण तापमानात कमी आणि टोपलीत जास्त असते. खोल टोपलीच्या मधले नग तापायलाच वेळ लागतो, कडेचे मात्र पूर्ण वेळ भाजतात. एकाच टोपलीतून दोन प्रकारचे नग बाहेर पडतात. पातळ थर ठेवा किंवा कन्व्हेयर ओव्हन वापरा.

कार्बन स्टीलची स्प्रिंग ओव्हनमध्ये व्यासाने आकसते आणि वेढे किंचित वाढतात. व्यास १% घटला तर साडेआठ वेढ्यांत टोक ३० अंश पुढे जातं. म्हणून कॉइलरवर व्यास आणि टोकाची जागा दोन्ही तेवढी सूट देऊनच ठेवा. स्टेनलेस ३०२ याच्या उलट वागते, व्यासाने वाढते. तिचं सेटिंग इकडे उचलून आणू नका.

वेटोळे

लांब राहिलेले नग ग्राइंडिंगमध्ये लायनीवर येत नाहीत का?

टोकं_घासा

नाही येत, आणि हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी असतो. या स्प्रिंगचा रेट (१ मिमी दाबायला लागणारं बळ) काढा: ८१५०० × १.६⁴ ÷ (८ × १२.४³ × ६.५) = ५.४ न्यूटन प्रति मिमी. दोन चाकांमध्ये नग दाबला गेलेला असतो. लांब नग आखूड नगापेक्षा १ मिमीने लांब असला तर चाकावर फक्त ५ न्यूटन जास्त दाब येतो. तेवढ्याने धातू वेगळा निघत नाही. ग्राइंडर टोकं घासतो, फ्री लेंग्थ दुरुस्त करत नाही.

कच्ची लांबी किती ठेवायची ते सांगतो. बंद टोकं न घासता लांबी पिच × कामाचे वेढे + ३ड असते, घासल्यावर + २ड (ड म्हणजे तारेचा व्यास). म्हणजे ग्राइंडिंगला १.६ मिमी. टोकाची जाडी अंदाजे ०.४ राहू द्या. त्याहून पातळ टोक निळं पडतं आणि दाबताना शेजारच्या वेढ्यावरून निसटतं.

त्यावर प्रीसेटिंगची (आधीच पूर्ण दाबून लांबी बसवून घेण्याची) घट मिळवा. सॉलिड उंची (सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावरची) ८.५ × १.६ = १३.६. ४२ वरून सॉलिडपर्यंत २८.४ दाबलं की लोड १५३ न्यूटन, आणि वाहल गुणक (वेढ्याच्या वाकामुळे वाढणारा ताण धरणारा) न लावता ताण साधारण ११८० एमपीए. या तारेची टेन्साइल (ताणून तुटण्याची ताकद) २०६० ते २२९० च्या आसपास. सॉलिडला चालणाऱ्या ताणाची नेहमीची मर्यादा तिच्या ५६%, म्हणजे ११५० ते १२८०. म्हणजे ही स्प्रिंग मर्यादेवरच आहे, सॉलिड केली की बसू शकते (कायमची थोडी आखूड होऊ शकते). तुम्ही नाही बसवली तर ग्राहकाच्या असेंब्लीत बसू शकते.

म्हणून क्रम असा: कॉइलिंग, ओव्हन, ग्राइंडिंग, मग प्रत्येक नग तीनदा सॉलिड. बहुतेक घट पहिल्याच दाबात होते. वीस नगांवर आधी आणि नंतर मोजून सरासरी घट काढा. ती ०.६ आली तर ओव्हननंतरची कच्ची लांबी ४२ + १.६ + ०.६ = ४४.२ हवी. फायदा असा की लांब नगांवर ताण जास्त येतो, ते जास्त बसतात आणि लांबीतला फरक थोडा आवळला जातो.

शेवटी ड्रॉइंगबद्दल. ± १०% म्हणजे ± ९.७ न्यूटन, फ्री लेंग्थच्या ± ०.५ मुळे लोड फक्त ± २.७ ने हलतो. लोड हीच खरी गरज असेल तर फ्री लेंग्थ संदर्भापुरती ठेवायला ग्राहकाला विचारा. तार ०.०२ ने जाड आली तर रेट ५% वाढतो, आणि तेव्हा लोड जागेवर आणायला लांबीच थोडी बदलावी लागते. दोन्ही घट्ट बांधलेलं असेल तर हातात काही उरत नाही.