गच्चीच्या इन्सुलेशनचे पैसे तळमजल्याने का भरायचे?

चौथामजला
टिळक रोडवरून आत वळलं की आमचं व्यापारी संकुल. तळमजला अधिक चार, ऐंशीच्या दशकातलं बांधकाम. खाली दुकानं, वर दवाखाना, क्लास, सीए-वकिलांची ऑफिसं. गच्ची गळते, म्हणून यंदा पावसाळ्याआधी जुना कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं असं गाळेधारकांच्या सभेत ठरलं. तिथपर्यंत एकमत. मी एवढंच म्हणालो की कोबा काढतोच आहोत तर नव्या थरांत ५० मिमी एक्सपीएसचे बोर्डही (उष्णता अडवणारे कडक फोमचे तक्ते) घालून घेऊ. झालं, सभा पेटली.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण गच्चीची काळवंडलेली फरशी साठच्या आसपास जाते. खाली सहा इंची स्लॅब. काँक्रीट उष्णता अडवत नाही, फक्त उशिरा पोचवतं. दुपारी दोनला शोषलेलं ऊन संध्याकाळी सहा-सातला माझ्या डोक्यावर उतरतं. (एक ते चार दुकान बंद ठेवून पुणेकर उन्हाला चकवतो म्हणे. स्लॅबला ते वेळापत्रक कोणी कळवलेलं नाही.) एसी १८ वर आणि कपाळावर घाम.

कायद्याची मदत शोधावी तर तीही नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली २००७ ची इमारत संहिता, ईसीबीसी, तिची २०१७ ची सुधारित आवृत्ती. सगळा भर मोठ्या वीजजोडणीच्या, म्हणजे १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीच्या वरच्या, तेही मुख्यतः नव्या इमारतींवर. आमच्यासारख्या, प्रत्येक गाळ्याला वेगळा छोटा मीटर असलेल्या इमारती त्यात बसत नाहीत. आणि पेठांत, डेक्कनला, कॅम्पात निम्मा धंदा अशाच इमारतींतून चालतो. मग आपण आपलं करायचं नाही का? गच्ची सामायिक आहे, खर्चही सामायिक असावा.

तळमजलावाला
मी याच संकुलातला नाही, पण अशाच एका संकुलात तळाला दुकान आहे, म्हणून लिहितोय. माझ्या डोक्यावर चार मजले आहेत. तुमच्या गच्चीवर ऊन पडलं काय अन् बर्फ पडला काय, माझ्या छताला फरक शून्य. माझं बिल येतं शोकेसच्या दिव्यांचं आणि दिवसभर उघड्या राहणाऱ्या दाराचं. त्यात वर्गणी क्षेत्रफळावर, आणि सगळ्यात मोठे गाळे तळालाच. म्हणजे ज्याला काडीचा फायदा नाही तोच सगळ्यात जास्त भरणार. गळती थांबवायला पैसे देईन, कारण सळ्या गंजल्या तर इमारत सगळ्यांची जाते. तुमचा घाम पुसायला का देऊ?

हिशेबनीस
भांडणाआधी आकडे मांडू. दर मी धरलेले आहेत, तुमच्या बिलावरून बदलून घ्या.

दोन हजार चौरस फूट गच्ची, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. सहा इंची स्लॅब आणि कोबा मिळून यू-व्हॅल्यू २.४ च्या घरात येते. एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला, किती वॉट उष्णता शिरते तो हा आकडा. ५० मिमी एक्सपीएसनंतर ती ०.५ च्या खाली. (ईसीबीसी २०१७ नव्या ऑफिसांच्या छताला ०.३३ मागते, तिथे ५० मिमी पुरत नाही.) उन्हात तापलेलं छत आणि थंड खोली यांत कामाच्या वेळात सरासरी २० अंशांचा फरक धरला, तर आत येणारी उष्णता सुमारे ७ किलोवॉटने कमी होते. म्हणजे दोन टन एसी. जुने एसी धरून तासाला सव्वादोन-अडीच युनिट, आठ तासांत १८-२० युनिट.

युनिटला सगळे आकार धरून १५ रुपये पकडा. दिवसाला २८० च्या आसपास. मार्च ते जूनचे कामाचे शंभर दिवस, २८ हजार. बोर्ड आणि त्यावरचं जास्तीचं काम चौरस फुटाला शंभर रुपये पकडलं तर दोन लाख. फक्त उन्हाळा मोजला तर सात वर्षं. ऑक्टोबर आणि हिवाळ्यातल्या दुपारी मोजल्या तर पाचच्या आसपास.

हे गणित फक्त तेव्हाच जमतं जेव्हा कोबा तसाही निघणार आहे. धड असलेला कोबा निव्वळ इन्सुलेशनसाठी फोडलात तर तोडफोड, राडारोडा, नवं वॉटरप्रूफिंग सगळं त्याच्या माथी येतं, आणि मग परतफेड मोजायला तुमचा मुलगा लागेल.

सौरउद्योगी
चुकीच्या जागी पैसे घालताय. त्याच गच्चीवर १५ किलोवॉटचं सोलर बसतं; किलोवॉटला शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि जिना सोडूनही जागा उरते. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे साठ युनिट, वर्षभर, आणि ते सगळ्या मजल्यांत वाटता येतील. इन्सुलेशन काय देतं? वीस, तेही उन्हाळ्यात, तेही एका मजल्याला. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते ती फुकट.

चौथामजला
@सौरउद्योगी, सोलरला विरोध नाहीच. पण पॅनेल पंचवीस वर्षं राहणार. खालचा कोबा तेवढा टिकणार का? पाच वर्षांनी गळती सुरू झाली की सगळे स्ट्रक्चर उचला, काम करा, परत बसवा. क्रम उलटा करून चालत नाही. आणि पॅनेलच्या मधल्या गल्ल्या, टाक्यांभोवतीची जागा तापतेच.

साइटवरचा_माणूस
पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं विस्ताराने.

पहिली गोष्ट, जुन्या इमारतीत एक कोबा नसतो. गळलं की वरून नवा कोबा, त्यावर चायना मोझॅक, पुन्हा गळलं की डांबरी शीट, त्यावर कोणीतरी शहाबादी. ब्रेकर लावला की एकेक पिढी बाहेर येते. पाच इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या वर. दोन थर असतील तर स्लॅब गेली कित्येक वर्षं कुणाच्या हिशेबात नसलेलं ओझं वागवत असतो. एक्सपीएसचा बोर्ड त्याच जागेत दीड-दोन किलो. वरचा दोन इंची स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) धरूनही एकूण ओझं उतरतं. याच एका मुद्द्यावर मी तळमजल्याला पटवायला घेतलं असतं, कारण खांब त्याच्याच दुकानातून खाली जातात.

दुसरी गोष्ट, क्रम. आधी स्लॅब उघडा करून ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला, सळई दिसली, तर तिथेच थांबून दुरुस्ती. मग उतार, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी तुंबवून परीक्षा, मग बोर्ड, वर जिओटेक्स्टाइल (जाड कापडासारखं आवरण) आणि स्क्रीड. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवला की त्या थराला ऊन लागत नाही, तोही जास्त टिकतो. थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून तो घालू नका. पाणी पितो आणि पायाखाली दबतो. कोटेशनमध्ये नुसतं ‘इन्सुलेशन’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. जाडी, घनता आणि दाब सोसण्याची क्षमता लिहून घ्या, नाहीतर साइटवर काय येईल ते बोर्डालाच ठाऊक.

आणि एक. गच्ची तशीच ठेवून आतून, फॉल्स सीलिंगच्या वर ग्लासवूल टाकायचा सल्ला कोणी दिला तर गळक्या स्लॅबखाली तो मुळीच करू नका. जुलैत लोकर भिजून जड होते, उंदीर घर करतात, आणि स्लॅब कुठे गळतोय ते सळई सुटेपर्यंत कळत नाही.

बाणेरवाली
इथे सगळे गच्चीवर चढून बसलेत. आमचं ऑफिस २००५-०६ च्या सुमाराच्या काचेच्या इमारतीत, सहा मजल्यांपैकी तिसऱ्यावर, पश्चिमेला तोंड. साडेतीननंतर त्या बाजूच्या लोकांनी खुर्च्या उचलून मधल्या पॅसेजमध्ये आणायच्या हा अलिखित नियम. गच्चीवर सोन्याचा पत्रा घातला तरी आम्हाला फरक पडणार नाही. साधी सहा मिलिमीटरची काच उन्हातली जवळजवळ ८० टक्के उष्णता आत सोडते. चांगली सन फिल्म ते प्रमाण निम्म्यावर आणते. बाहेरून उभ्या पट्ट्या लावल्या तर त्याहून कमी, पण त्याला सोसायटी म्हणते एलिव्हेशन (इमारतीचं दर्शनी रूप) बिघडतं. एलिव्हेशन बघायला बाहेर उन्हात कोण उभं राहतंय?

भिंतींना इन्सुलेशन करा म्हणून एक विक्रेता मागे लागला होता. पुण्यात नऊ इंची विटेच्या भिंतीवर खर्च करणं मला तरी उधळपट्टी वाटते. इथे रात्री पारा उतरतो. एप्रिलातही पहाटे २०-२१. रात्री खिडक्या उघडून इमारत निववली तर निम्मं काम होतं. उलट सर्व्हर आणि माणसांनी भरलेलं ऑफिस चारी बाजूंनी गुंडाळून टाकलंत, तर दिवसभराची आतली उष्णता रात्री बाहेर जायला वाट राहत नाही, सकाळी एसी आधी तीच उपसत बसतो. स्वेटर दिल्लीच्या डिसेंबरात शोभतो.

हिशेबनीस
@बाणेरवाली, भिंतींबद्दल शंभर टक्के सहमत. रात्रीच्या मुद्द्याशी निम्मा. पेठेत रात्री चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडक्या उघड्या कोण टाकून जाणार? चोर, पाऊस आणि पारवे तिन्ही आत.

भाडेकरू_कायमचा
मूळ गोम कोणी बोलतच नाहीये. चौथ्या मजल्यावर मालक स्वतः बसतो म्हणून हा धागा निघाला. माझ्यासारखा तीन वर्षांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असता तर निघाला नसता. वीजबिल मी भरतो, छत मालकाचं. मालक म्हणतो बिल तुझं, तूच बघ. मी पाच वर्षांत फिटणारा खर्च तीन वर्षांच्या करारात का करू? नूतनीकरणाच्या वेळी ‘गारेगार ऑफिस’ म्हणून भाडं मात्र माझंच वाढणार. शहरातली निम्मी जुनी ऑफिसं याच कारणाने तापत बसली आहेत.

माझा उपाय सांगतो: चुन्यासारखा पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग, मालकाच्या परवानगीने, माझ्या खर्चाने. चौरस फुटाला इन्सुलेशनच्या पाव खर्चातही बसतो. दुपारी हात टेकवता येत नव्हता त्या फरशीवर आता अनवाणी चालता येतं.

साइटवरचा_माणूस
रंग चांगलाच, पण दर वर्षी मार्चमध्ये धुवावा लागतो. पुण्याची धूळ आणि कबुतरं मिळून दोन वर्षांत त्याला करडा करतात. गच्ची कोण धुतं ते पाहिलंय मी.

आगीची_आठवण
लंडनचा ग्रेनफेल टॉवर. जुन्या इमारतीला ऊर्जाबचतीसाठी बाहेरून नवं आवरण आणि इन्सुलेशन लावलं, २०१६ ला काम संपलं, जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. आवरणाच्या पत्र्यांत ज्वलनशील प्लास्टिकचा गाभा होता. आमच्या पेठांतल्या गल्ल्यांत अग्निशमनचा बंब वळायची मारामार. फोमचे बोर्ड घालायचं बोलताना हे कोणालाच आठवत नाही का?

साइटवरचा_माणूस
रास्त प्रश्न. म्हणूनच दर्शनी भागावर एसीपी (मधे गाभा असलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे) आणि फोम एकत्र मी कधीच सुचवत नाही. बाहेरच्या भिंतीला लावायचंच असेल तर रॉकवूल, ते जळत नाही. गच्चीवर बोर्ड दोन इंची स्क्रीडखाली आणि काँक्रीटच्या वर गाडलेला असतो, ती गोष्ट वेगळी. मात्र काम चालू असताना उघड्या बोर्डांच्या थप्पीशेजारी डांबर तापवणं, वेल्डिंग, विडी, तिन्ही बंद.

तळमजलावाला
वजनाचा मुद्दा पटला, तेवढा. पण आता कागदावर या. तुमचं संकुल १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर सामायिक खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो, घोषणापत्रात ती टक्केवारी असते. कोबा काढणं, सळ्यांची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग ही इमारतीची दुरुस्ती; त्यात माझा हिस्सा मी देतो. बोर्ड ही सुधारणा, आणि ती एका मजल्याच्या बिलात दिसते. दोन्ही एकाच कोटेशनमध्ये घुसवून सभेत हात वर करून घेणं ही चलाखी आहे.

चौथामजला
चलाखी नाही हो, कंत्राटदाराने कोटेशनच तसं दिलंय. वेगळं करून मागवतो. पण बोर्डाने वॉटरप्रूफिंगचं आयुष्य वाढतं हे वर लिहिलंय ना? ते आयुष्य तुमचंही. मग पूर्ण नाही तरी बोर्डाच्या खर्चातला काही वाटा खालच्यांनी उचलायला काय हरकत?

सौरउद्योगी
तडजोड: चौथा मजला बोर्डाचे पैसे भरतो, सगळे मिळून दुरुस्तीचे. वर सोलर सामायिक, त्याची वीज आधी लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांना. लिफ्ट चौथ्या मजल्याचीच माणसं जास्त वापरतात, तेव्हा त्यांनाही काही मिळालं.

भाडेकरू_कायमचा
आणि महापालिकेने सौर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांना मिळकत करात जशी ५ ते १० टक्के सवलत ठेवली, तशी इन्सुलेशनलाही ठेवावी. मग बघा मालक कसे शिड्या घेऊन धावतात.

तळमजलावाला
सवलत येईल तेव्हा येईल. माझा प्रस्ताव: चौथ्या मजल्याने बोर्डाचा खर्च पूर्ण करावा, आणि दहा वर्षांची गळतीची हमी कंत्राटदाराकडून असोसिएशनच्या नावाने लेखी मिळाली, तर बोर्डाच्या खर्चाचा दहावा हिस्सा खालचे मजले मिळून देतील. हमी नाही, तर एक रुपया नाही. ठरावात हेच शब्द टाका, तुमच्या खालच्या गाळेधारकांना वाचून दाखवा, आणि सभा कृपया संध्याकाळी सातला चौथ्या मजल्यावर ठेवू नका.