ऐधाबची शिवलेली जहाजे: दोष टाक्यांचा की मालकांचा?

धागाकर्ता

इ. स. 1183 मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडाचा प्रवासी इब्न जुबैर हजला निघाला. सिनाईकडील वाट क्रुसेडरांमुळे धोक्याची झाल्याने तो नाईलमार्गे कूसला आणि तेथून उंटावरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात पोहोचला. तेथून जेद्दाला यात्रेकरू नेणाऱ्या जहाजांची बांधणी त्याने बारकाईने लिहून ठेवली आहे. त्यांत एकही खिळा नसे. नारळाचा काथ्या कुटून, तंतू सुटे करून त्याचे दोर वळत आणि त्या दोरांनी फळीला फळी शिवत. सांध्यांत खजुराच्या लाकडाचे ढलपे ठोकत आणि शेवटी तूप, एरंडेल किंवा शार्कचे तेल चोपडत. यांत शार्कचे तेल सर्वांत उत्तम, असे तो आवर्जून सांगतो. तो समुद्र खडकांनी भरलेला असल्यामुळे लाकूड मऊ आणि लवचीक राहावे, हा यामागचा हेतू होता. विशेष म्हणजे त्या ओसाड किनाऱ्यावर ना लाकूड होते ना काथ्या. दोन्ही हिंदुस्थान आणि येमेनमधून येत. इतक्या दुरून माल आणवून जी पद्धत टिकवली गेली तिला ‘लोखंड नव्हते म्हणून केलेली तडजोड’ म्हणणे मला पटत नाही. ज्यांना काथ्या आणि सागवान समुद्रापलीकडून आणवता येत होते त्यांना खिळे आणवता आले नसते काय?

खाडीपलीकडचा

आपण इब्न जुबैरचे अर्धेच पान वाचून दाखवले. पुढे तो सांगतो की जहाजमालक यात्रेकरूंना खुराड्यात कोंबड्या कोंबाव्यात तसे एकमेकांवर बसवत, कारण एकाच फेरीत जहाजाची किंमत वसूल झाली की पुढे समुद्राने त्याचे काय केले याची त्यांना पर्वा नसे. ‘फळ्या आमच्या, प्राण यात्रेकरूंचे’ अशी त्यांची म्हणच होती. (अरबीत ‘अलवाह’ आणि ‘अरवाह’ असे यमक साधते, त्यामुळे ती अधिकच झोंबते.) एका फेरीत वसूल होणारे जहाज हे स्वस्तच असणार. त्यानंतर शतकभराने मार्को पोलोनेही होर्मुझची शिवलेली जहाजे वाईट ठरवली आणि त्यांतली पुष्कळ बुडतात असे लिहिले. दोन वेगळी बंदरे, दोन वेगळे प्रवासी आणि तक्रार मात्र सारखीच. लवचीकपणाचे कौतुक किनाऱ्यावर बसून करणे सोपे असते.

धागाकर्ता

तक्रार सारखी नाही. मार्को पोलो बांधणीला दोष देतो, तर इब्न जुबैर मालकांना. भाडे एका फेरीत वसूल होई याचे कारण माणसे कोंबली जात हे होते; त्यावरून जहाज स्वस्त होते हे सिद्ध होत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तर स्पष्टच लिहिले आहे की खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले तर फुटते, शिवलेले मात्र दबते आणि तगते. शिवाय 1998 मध्ये इंडोनेशियातील बेलितुंगजवळ सापडलेले नवव्या शतकातील जहाज शिवलेलेच होते आणि त्यात चिनी भांडी हजारोंनी होती. तकलादू जहाज इतक्या दूरच्या व्यापाराला कोण जुंपेल?

खाडीपलीकडचा

ते जहाज बुडालेलेच सापडले, हे विसरू नये.

आजोळ कोकणातले

आपल्या दोघांच्या वादात दुरुस्तीचा मुद्दा राहून गेला. माझ्या आजोळी नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घालीत. वर काढल्यावर त्यांचा वास अंगणभर पसरे, आणि मग बायका ती मोगरीने कुटून सुंभ वळीत. खाऱ्या पाण्यात काथ्या चिवट राहतो, तर लोखंडाचा खिळा गंजतो आणि आपल्याभोवतीचे लाकूडही सडवतो. मात्र दोराला अमर्याद आयुष्य नसते. टाके सैल होतात, भोकांतून पाणी झिरपते; सामत्याने (सुताराच्या भोके पाडण्याच्या हत्याराने) पाडलेली ती शेकडो भोके पुन्हा बुजवायची, नवा दोर ओवायचा आणि तेलाचा हात द्यायचा हे काम ठरावीक काळाने करावेच लागते. गोव्यात बांधलेले आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज आज डौलाने चालते याचे श्रेय केरळच्या कारागिरांना आहे, तसेच त्याची निगा राखणाऱ्यांनाही आहे.

खाडीपलीकडचा

माझा आक्षेप नेमका इथेच आहे. ‘कौंडिण्य’वर मोजके प्रशिक्षित नौसैनिक असतात, ऐधाबच्या जहाजावर पैसे मोजलेला यात्रेकरू होता आणि निगा राखणे मालकाच्या मर्जीवर होते. सतत देखभाल मागणारी बांधणी अशा मालकांच्या हाती पडली तर तो दोष बांधणीपासून वेगळा कसा काढायचा? नौकाशास्त्र केवळ सुताराच्या आवारात संपत नाही.

धागाकर्ता

हा मुद्दा मला मान्य आहे, मात्र इब्न जुबैरच्या त्याच प्रवासातला एक क्षणही लक्षात घ्यावा. जहाज खडकाला घासून जाई तेव्हा खालून येणाऱ्या घरघराटाने प्रवासी जगण्याची आशा सोडत. आपण कितीदा मेलो आणि कितीदा जिवंत झालो, असे तो म्हणतो. खडकांतल्या अरुंद वाटांतून जहाज नेणाऱ्या तांडेलांना मात्र तो लगामाला हलक्या घोड्यावर मांड ठोकलेल्या स्वाराची उपमा देतो. इतके घासूनही ते जहाज जेद्दाला लागले. त्या खडकांवर खिळ्यांचे जहाज असेच घासले गेले असते तर काय झाले असते, हे आपण सांगावे.