मदत हवी आहे : स्थापत्य अभियांत्रिकीसाठी टॅब्लेट घ्यावा की लॅपटॉप?

डाळिंबबाग

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला यंदा प्रवेशाच्या कॅप राउंडमधून कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल मिळालं. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. भाऊ सांगोल्याकडे शेती करतो. त्याने मला स्पष्टच सांगितलंय, "ताई, यातलं तूच बघ, मी पैशांचं बघतो." मी शाळेत शिकवते, पण या खरेदीतलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

बजेट सगळं मिळून ६० हजार, त्याच्या वर जाता येणार नाही. म्हणजे दोन्हींपैकी एकच वस्तू, आणि ती चार वर्षं टिकायला हवी.

भाचीला टॅब्लेट हवा आहे आणि तिचं म्हणणं मला उडवून लावावंसं वाटत नाही. अख्ख्या सीईटीचा अभ्यास तिने घरातल्या एका मोबाईलवर केला. मी शेजारी बसून पाहिलंय. बीमची आकृती मोठी केली की डावीकडचा भार दिसायचा आणि उजवीकडचा आधार स्क्रीनच्या बाहेर जायचा. मग बोटाने इकडेतिकडे सरकवत ती आकृती आधी वहीत उतरवून घ्यायची आणि त्यानंतर गणिताला हात घालायची. मोठ्या स्क्रीनवर पेनने थेट आकृतीवरच लिहिता येतं हे तिने मैत्रिणीच्या टॅबवर पाहिलं, तेव्हापासून तिच्या मनात तेच आहे. शिवाय वजन कमी, चार्जिंग जास्त टिकतं, आणि हॉस्टेलच्या खोलीत प्लगसाठी भांडणं नकोत, असंही ती म्हणते.

भावाला वाटतं इंजिनिअरिंग म्हणजे लॅपटॉपच. का, ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. तिला नाही म्हणायचं असेल तर नीट कारण सांगून म्हणावं, अशी माझी इच्छा आहे. सिव्हिलचं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

गिलावा

ताई, भाचीचं अभिनंदन! मी सिव्हिलचाच, आता स्ट्रक्चरल डिझाइनचं ऑफिस आहे. थेट मुद्द्यावर येतो : लॅपटॉप, आणि तोही विंडोजचा.

वाचायला, लेक्चर बघायला, नोट्स काढायला टॅब्लेट उत्तम. पण आमच्या शाखेत शेवटी काहीतरी तयार करून द्यावं लागतं आणि ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं ती विंडोजवर चालतात. प्लॅन काढायला ऑटोकॅड, पुढे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायला रेव्हिट, सांगाड्याच्या डिझाइनला स्टॅड प्रो आणि ईटॅब्स. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण रेव्हिट, स्टॅड, ईटॅब्स यांना विंडोजच लागतं. टॅबवर ऑटोकॅडचं अ‍ॅप मिळतं. साइटवर उभं राहून ड्रॉइंग उघडून बघायला, एखादं माप तपासायला ते चांगलंच आहे, मी स्वतः वापरतो. पण दुमजली बंगल्याचा प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन, दारं-खिडक्यांचा तक्ता हे सगळं त्यावर पूर्ण करून प्रिंटला देणं म्हणजे मुलीचे हाल. कमांड टाइप करायला कीबोर्ड, नेमक्या टोकावर क्लिक करायला माउस, हे हवंच.

खरेदी करताना : रॅम १६ जीबी असावी. ८ ची घेतलीत तर रॅम वाढवायला रिकामा स्लॉट आहे ना, हे दुकानदाराला विचारून, मॉडेलच्या माहितीत बघून खात्री करा, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. ५१२ जीबी एसएसडी. प्रोसेसर इंटेल आय ५ किंवा रायझन ५, हल्लीच्या पिढीतला. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले लॅपटॉप दिसायला सुंदर आणि बॅटरीला दणकट, पण आमच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्यांच्या वाटेला जाऊ नका. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड पदवीपुरतं गरजेचं नाही. त्याने वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

सॉफ्टवेअरच्या पैशांची काळजी नको. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट फुकट देतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कुणी पेन ड्राइव्हमधून क्रॅक आवृत्ती देऊ केली तर तिला घेऊ देऊ नका.

---

तिसरं_वर्ष

मी आत्ता सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे दोन्ही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

भाचीचं म्हणणं खरं आहे. टॅबवर अभ्यास करायला खूप बरं वाटतं. आयएस कोडच्या, म्हणजे भारतीय मानकांच्या, पीडीएफ (काँक्रीटचा आयएस ४५६, स्टीलचा आयएस ८००) त्यावरच वाचते, क्लॉजवर खूण करते, शेजारी स्वतःची टीप लिहिते. हे कोड भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) पोर्टलवर नोंदणी करून मोफत उतरवता येतात, तिला आत्तापासून सांगून ठेवा. बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या रंगीत पेनने काढल्या की डोक्यात बसतात.

पण सबमिशनच्या आठवड्यात टॅब बॅगेतून बाहेर येत नाही. रिपोर्ट वर्डमध्ये, क्वांटिटी (साहित्याचे हिशोब) एक्सेलमध्ये, ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये. एक्सेलचं मोबाईल-टॅबवरचं अ‍ॅप छोट्या कामाला चालतं, मोठ्या एस्टिमेटला नाही. लॅबमध्ये पीसी असतात, मात्र सगळी बॅच एकदमच तिथे येते आणि लॅब संध्याकाळी बंद होते. ज्यांच्याकडे फक्त टॅब आहे ते रूममेटचा लॅपटॉप मागतात, आणि त्या रूममेटचंही सबमिशन त्याच दिवशी असतं. मला एकच निवडायचं असतं तर लॅपटॉप निवडला असता.

प्लगचं म्हणाल तर एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन द्या.

---

खडूफळा

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. एक गोष्ट जोडतो, जी पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

परीक्षा अजूनही कागदावर आहे. तीन तास सलग पेनने लिहायचं, आकृत्या पट्टीने काढायच्या. जर्नल, असाइनमेंट बऱ्याच ठिकाणी हातानेच लिहून घेतात. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्ससाठी ड्रॉइंग बोर्ड आणि त्यावर रेषा काढायचा मिनी ड्राफ्टर लागतो. काचेवर लिहायची सवय लागलेली मुलं परीक्षेत मागे पडताना मी पाहतो : चूक झाली की दोन बोटांनी टिचकी मारून मागे जाता येतं, जागा संपली की पान लांबवता येतं, आणि मग उत्तरपत्रिकेत एका पानात उत्तर कसं बसवायचं ते हाताला माहीत नसतं. टॅब वाईट असं मी म्हणत नाही. पण तुमच्या भाचीला आकृती वहीत उतरवून गणित सोडवायची जी सवय मोबाईलमुळे नाइलाजाने लागली आहे, ती माझ्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे. ती मोडू देऊ नका.

आणि घाई नको. पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स अशा विषयांवर भर असतो. थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं ते कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. सिव्हिलचं खरं संगणकाचं काम दुसऱ्या वर्षापासून वाढत जातं. तिला आधी जाऊ दे, सीनियर्सना विचारू दे, मग दिवाळीत घ्या.

---

गिलावा

खडूफळा सर, घाई नको हे पटलं, पण दिवाळीपर्यंत थांबण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. जी मुलगी आजवर घरातल्या एका मोबाईलवर शिकली, तिला कीबोर्डवर हात बसायला, फोल्डर-फाइल म्हणजे काय हे कळायलाच काही महिने जातात. शहरातली मुलं ते शाळेतच शिकून आलेली असतात. तिला पहिल्या सत्रात मिळणारा हा वेळ वाया जाऊ नये. एक्सेल तर पहिल्या दिवसापासून शिकता येतं.

---

शुश्रुषा

विषय सिव्हिलचा आहे, तरी इतर पालक वाचत असतील म्हणून लिहिते. माझा मुलगा एमबीबीएसला आहे आणि तिथे आम्ही टॅबच घेतला. जाडजूड पुस्तकांच्या पीडीएफ, अ‍ॅनाटॉमीच्या आकृत्या, व्हिडिओ, प्रश्नसंच, सगळं त्यात होतं. लॅपटॉपची गरज अजून पडलेली नाही. म्हणजे शाखा कुठली, यावर सगळं आहे. घेताना पेन बॉक्समध्ये येतं का ते बघा. सॅमसंगच्या एस मालिकेत येतं, आयपॅडची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि कीबोर्डही वेगळा. ही बेरीज अनेकदा लॅपटॉपच्या पुढे जाते.

---

डाळिंबबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा सरांचा प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. वहीबद्दल कुणी चांगलं बोललं याचंच तिला नवल वाटलं. तिसरं_वर्ष, तुमचं सबमिशनच्या आठवड्याचं वर्णन ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग लॅपटॉपच घेऊ, आत्या." नाराज नाही, कारण पटलं म्हणून.

आता दोन प्रश्न. गावातल्या एकाने रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकला जाणारा जुना) लॅपटॉप २५ हजारांत सुचवलाय. उरलेल्या पैशांत साधा टॅबही बसेल. हे करावं का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देणाऱ्या योजनेची लिंक फिरते आहे, त्यात तिची माहिती भरू का?

---

जुनंसोनं

लिंकमध्ये काहीही भरू नका. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नावाने असे मेसेज बरेच फिरले आहेत आणि ते खोटे असल्याचं वेळोवेळी जाहीर झालं आहे. खरी योजना असेल तर कॉलेजच्या कार्यालयात कळेल.

रिफर्बिश्डबद्दल : वाईट नसतात, कंपन्यांमधून निघालेले लॅपटॉप बांधणीला मजबूत असतात. पण नीट बघून घ्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, किमान आठवी पिढी, अगदी मोजके अपवाद सोडले तर, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची अंगभूत सोय) लागतं. सातव्या-सहाव्या पिढीचा स्वस्त मिळाला तरी नको. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा : मूळ क्षमता किती आणि आता किती उरली, दोन्ही आकडे त्यात असतात. बिजागरी उघडझाप करून बघा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा, जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी घ्या. मात्र चार वर्षं रेव्हिट आणि ईटॅब्स चालवायचं असेल आणि एकदाच पैसे घालायचे असतील, तर माझा सल्ला नवीनच घ्या असा.

---

गिलावा

अनुमोदन. आणि ताई, भाऊ शैक्षणिक कर्ज काढणार असेल तर खरेदी करायच्या आधी बँकेत विचारा. अभ्यासक्रमाला गरजेचा असेल तर संगणकाचा खर्च शैक्षणिक कर्जात धरता येतो. बँक सहसा दुकानाचं कोटेशन मागते आणि रक्कम थेट दुकानदाराला देते. आधी खरेदी करून मग बिल दाखवलं तर अडचण येते. ६० हजारांतले दोन-तीन हजार बॅग, माउस आणि अपघाती नुकसानीची वॉरंटी यांसाठी बाजूला ठेवा. हॉस्टेलवर लॅपटॉप हातातून पडतो, त्यावर चहा सांडतो, आणि साध्या वॉरंटीत हे बसत नाही.

---

डाळिंबबाग

कर्जाचं प्रकरण सांगोल्याच्या शाखेत आहेच, सोमवारी भाऊ कोटेशनचं विचारून येईल. नवीनच घेतो, १६ जीबीचा. तिसरं_वर्ष, एक शेवटचं : १४ इंची बरा की १५.६ इंची? रोज हॉस्टेल ते वर्ग चालतच जायचं आहे.

---

तिसरं_वर्ष

१५.६. रोज वर्गात न्यावा लागत नाही, लॅबच्या दिवशीच लागतो. ड्रॉइंगला मोठी स्क्रीन हवी आणि उजवीकडे सहसा आकड्यांचा वेगळा कीपॅड असतो, मापं टाकताना तो फार उपयोगी पडतो. कराडला आली की सीनियर मुलींना सर्व्हेइंगच्या जुन्या फील्ड बुक (मोजणीच्या नोंदवह्या) मागून घ्यायला सांगा, त्या कुठल्याच स्क्रीनवर मिळत नाहीत.