राजीनाम्यानंतर हिशोब आणि कागद अडकलेत (मकरपुरा, बडोदा)

मकरपुरा_क्यूसी
जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होतो, 6 वर्षं 7 महिने. नोटीस पूर्ण भरली, रिलीव्ह होऊन महिना उलटला. एका व्हर्नियरची (मोजमापाच्या साधनाची) नोंद जुळत नाही म्हणून स्टोअर एनडीसीवर (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यावर) सही करत नाही, आणि तेवढ्यावर एचआरने शेवटचा पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, रिलीव्हिंग लेटर सगळंच रोखलंय. म्हणे पॉलिसी 60 दिवसांची आहे. पीएफवर नोकरी सोडल्याची तारीखही टाकलेली नाही. बेसिक 26,000, एकूण पगार 58,000. आधी काय करू?

पगारपत्रक
सगळं एका मेलमध्ये मागू नका. प्रत्येक रकमेची मुदत वेगळी, म्हणून मागणीही वेगळी हवी. एनडीसी ही कंपनीची स्वतःची सोय आहे, कायद्यातल्या मुदती तिच्यासाठी थांबत नाहीत.

पगार: वेतन संहिता हा नवा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं, असं तिच्या कलम 17 मध्ये स्पष्ट आहे. 60 दिवसांची पॉलिसी त्यापुढे टिकत नाही. जुन्या कायद्यात महिना 24,000 ची मर्यादा होती, त्यामुळे इंजिनिअर-सुपरवायझर बाहेर राहायचे. ती आता नाही.

व्हर्नियरचं: तुमच्या ताब्यात दिलेली वस्तू तुमच्याच हलगर्जीपणामुळे हरवली असेल, तर झालेल्या नुकसानीइतकीच कपात करता येते, तीही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. म्हणून इश्यू रजिस्टरच्या पानाची प्रत मागा. मोजमापाच्या प्रत्येक साधनाला आयडी नंबर असतो. त्या नंबरची कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) नोंद काढायला सांगा. शेवटचं कॅलिब्रेशन तुम्ही साधन परत दिल्यानंतरचं असेल तर वाद तिथेच संपतो.

ग्रॅच्युइटी: सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 7 वर्षं. 26,000 × 15 ÷ 26 × 7 = 1,05,000. पण वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात मिळवतात. तुमचे 32,000 भत्ते त्यात बसणारे असतील तर 3,000 वाढून वेतन 29,000 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 1,17,115 होते. बहुतेक ठिकाणी अजून बेसिकवरच हिशोब करून देतात, तेव्हा आकडेमोड लेखी मागा. मुदत 30 दिवस, पुढे व्याज लागतं. राजीनामा दिलेल्याची ग्रॅच्युइटी व्हर्नियरपोटी अडवता येत नाही.

रजेचे पैसे: कारखान्यातल्या कामगाराला 20 दिवस कामामागे 1 दिवस पगारी रजा. इंजिनिअरच्या बाबतीत 'कामगार' कोण यावर वाद घालतात, म्हणून नेमणूकपत्रातलं रजेचं कलमही जोडा.

अकोटा_पीएफ
पीएफसाठी कंपनीच्या मागे लागण्याची गरज नाही. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर चालू आहे ना हे आधी बघा. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली हवी. एकदा टाकली की स्वतःला बदलता येत नाही. नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढची पडली तर दोन्ही नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि ट्रान्सफर अडकते. घाई नको, रिलीव्ह झाल्याचा मेल समोर ठेवूनच भरा.

आणि पैसे काढू नका, ट्रान्सफरच करा. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढलेत तर आतापर्यंतची वर्षं त्यातून जातात. तक्रार असेल तर ईपीएफआयजीएमएसवर (पीएफच्या तक्रारींचं पोर्टल) टाका, नंबर जपून ठेवा.

मकरपुरा_क्यूसी
आता एचआरने कागद पाठवलाय: 'सर्व रक्कम मिळाली, यापुढे काहीही दावा नाही.' सही केल्याशिवाय चेक नाही म्हणतात. रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म 16 (पगारातून कर कापल्याचा दाखला) यांचं काय?

पगारपत्रक
सही करू नका. फारच अडलं तर सहीच्या वर हाताने लिहा, 'रु. अमुक मिळाले, हिशोब मान्य नाही', आणि लगेच फोटो काढा.

फॉर्म 16 आत्ता मिळणार नाही, आर्थिक वर्ष संपल्यावर 15 जूनपर्यंत द्यायचा असतो. तोवर 26एएसमध्ये (आयकर खात्याचं करजमेचं पत्रक) टीडीएस, म्हणजे कापलेला कर, जमा दिसतोय का ते बघा. रिलीव्हिंग लेटरसाठी मात्र पगारासारखी सगळ्यांना लागू होणारी ठरलेली मुदत नाही, त्यामुळे नेमणूकपत्रातल्या कलमावर बोट ठेवूनच मागावं लागतं. तोवर नव्या कंपनीला राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन पगारस्लिपा आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री द्या.

मागणीपत्र मेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, सात दिवस द्या. मग राज्याच्या श्रम खात्याच्या बडोद्याच्या ऑफिसात जा. खाजगी कारखाना राज्याकडे येतो, केंद्राच्या लेबर कमिशनरकडे दिलेला अर्ज परत येईल. अर्ज गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहा, मराठीत नको. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे.